भित्र्या सगुणेची पकड

तुमच्या आजोबांचे आजोबाही रांगत नव्हते, त्या काळातलं सांगतो. ओढ्याच्या अलीकडे तांबडवाडी, पलीकडे निमखळे. भैरोबाच्या जत्रेत कोणाची पालखी आधी ओढा ओलांडणार, यावरून दरसाल काठ्या निघायच्या. आणि दरसाल हैबतीबुवा दोन्ही जमावांच्या मधे जाऊन उभा राहायचा. त्याच्यानंतर त्याचा मुलगा बाळोबा उभा राहू लागला. दोघांनी डोकी फोडून घेतली, पण कधी हात उचलला नाही.

बाळोबा अंथरुणाला खिळला, तेव्हा त्यानं एकुलत्या एका लेकीला, सगुणेला जवळ बोलावलं. "पोरी, आता मधे तू जायचं."

सगुणा पालीलासुद्धा भ्यायची. "आणि त्यांनी मारलं तर?"

"लागतं. पण मारणाराच आधी दमतो."

बाळोबा गेला. जत्रा आली. दोन्ही गावांना वाटलं, यंदा रान मोकळं! पाटलांना पुढे घालून दोन्ही जमाव पाण्यात शिरले, काठ्या उगारल्या, तोच सगुणा लटपटत ओढ्यात उतरली. पाय इतके कापत होते, की मधोमध पोचताच ती मटकन पाण्यात बसली आणि आधाराला हाती लागलं ते धरलं. एका हातात तांबडवाडीच्या रखमाजी पाटलांचा पाय, दुसऱ्यात निमखळ्याच्या धोंडजी पाटलांचा.

"सोड!" दोघेही ओरडले.

"नाही सोडत! सोडलं तर मी पळून जाईन. मग बाबाच्या नावाचं काय?"

असं म्हणतात, पैलवानांनी ओढलं तरी ती पकड सुटली नाही. असं म्हणतात, मासेसुद्धा बघायला थांबले. पाटलानं काठी उगारली, की ती भिऊन आणखी घट्ट धरायची आणि पाटील धपकन पाण्यात. शेवटी जमावच हसत सुटला. भूक लागली, तेव्हा निमखळ्याहून पिठलं आलं, तांबडवाडीहून भाकरी. पाटील एकाच ताटात जेवले. सगुणेला त्यांनीच भरवलं, कारण तिचे हात मोकळे नव्हते.

"बये," रखमाजी म्हणाले, "दोन्ही पालख्या जोडीनं नेतो. भैरोबाची शपथ. आता तरी सोड!"

"बोटंच उघडत नाहीत हो!"

मग देवळातल्या समईचं तेल आणून एकेक बोट सोडवलं, आणि पालख्या जोडीनं गेल्या.

अजूनही जत्रेत दोन्ही पाटील ओढ्यात उभे राहतात. दोन्ही गावांतली सर्वांत भित्री पोर शोधून मधे बसवतात. ती पाय सोडेल तेव्हाच पालख्या हलतात. गेल्या साली मात्र तशी पोर मिळेना. जी ती म्हणे, "मी नाही भीत कोणाला!" शेवटी निमखळ्याच्या पाटलांच्या नातीला उंदीर दाखवावा लागला.