काळ्या खडकांची पाठ

फार पूर्वी, तुमच्या आजोबांचे आजोबा शेंबडे होते त्याच्याही आधी, वाळवंटाच्या कडेला एक गाव होतं. गावामागे काळे डोंगर. कधीकाळी त्यांच्या पोटातून आग वाहत आली आणि थिजून दगड झाली. कुठे खांबांच्या रांगा, कुठे फुगून फुटलेले बुडबुडे, कुठे नुसतेच सुळके. त्या खडकावरून हत्ती गेला तरी पाऊल उमटत नसे.

एका उन्हाळ्यात गावची विहीर आटली. पाणी उरलं ते डोंगरापलीकडच्या टाक्यात. पंचांनी सहा उंट आणि बारा कातडी पखाली दिल्या, पुढारी नेमला एक तरणा उंटवाला. गडी दांडगा होता, देखणा होता, आणि हे दोन्ही त्याला चांगलं ठाऊक होतं. सोबतीला दिली शेळ्या राखणारी एक म्हातारी. तिचा जन्म त्या खडकांत हिंडण्यात गेलेला.

"सांजेपर्यंत घोट आला नाही, तर लहान पोरं तग धरायची नाहीत," पंच म्हणाले.

"काळजी सोडा," उंटवाला म्हणाला. "एकदा बघितलेली वाट मी विसरत नाही."

पहाटे निघाले. उंटवाला खडकांना नावं देत चालला. "हा राजाचा मुकुट, इथून उजवीकडे. ही बसलेली कोंबडी, इथून डावीकडे. झालं पाठ!"

म्हातारी मात्र खडक ओलांडला की गर्रकन वळायची, दहा पावलं उलटी चालायची आणि त्याच्याकडे टक लावून बघायची. शेळ्या राखणाऱ्यांची ती रीतच होती.

"काय गं म्हातारे, मागे सासर राहिलं काय?" उंटवाला खिदळला.

"खडकाची पाठ बघतेय रे बाबा. येताना तो तोंड थोडंच दाखवणार आहे?"

"खडकाला कसली आलीय पाठ!"

दुपारी टाकं आलं. पखाली टम्म भरल्या. उंटवाला ऐटीत परत निघाला आणि थोड्याच वेळात थबकला. कोंबडी गायब! तिच्या जागी एक भलामोठा फाटका जोडा.

"खडक हलले!" तो ओरडला. "भुताटकी आहे!"

"कोणी हललं नाही. ही तुझी कोंबडीच, मागून. आता उजवीकडे वळ."

अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? बरोबर, तुम्ही-आम्ही करतो तेच. चूक कळली की आवाज चढवतो.

"पुढारी कोण? मी! कोंबडीपाशी डावीकडे, असं मी सकाळीच म्हणालो होतो. डावीकडेच जायचं!"

"मग तीन उंट माझ्याकडे दे," म्हातारी म्हणाली. "तुझ्या हट्टापायी पोरं तहानेनं मरू द्यायची नाहीत मला."

"ने, ने! मी आधी पोचतो आणि वेशीवर तुझी वाट बघत बसतो."

तो डावीकडे घुसला. खांबांमधली वाट अरुंद होत गेली. दोन्ही बाजूंचा खडक किसणीसारखा. उंट पुढे रेटले तशा पखाली घासल्या, फाटल्या. तापल्या दगडावर पाणी चर्रकन वाजलं आणि वाळूनही गेलं. सहाच्या सहा रिकाम्या.

म्हातारी दिवस मावळायच्या आत गावात पोचली. पाणी वाटीवाटीने वाटलं. आधी पोरं, मग म्हातारे, मग बाकीचे. सगळे तगले, पण कोणाचीच तहान पुरती भागली नाही.

उजाडताच ती तीन उंट आणि पखाली घेऊन पुन्हा डोंगरात शिरली. त्याच अरुंद वाटेत उंटवाला एका खांबाच्या सावलीत बसला होता, ओठ फुटलेले. तिने त्याच्यासमोर वाटी धरली.

"गावात एवढं पाणी उरलं होतं?" त्याने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"नाही. माझ्या वाट्याचं आहे. पी."

तो प्यायला. मग उंटांचा दोर त्याने दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. "आजी, आता तुम्ही पुढे व्हा. मला घरी न्या."

"घरी नंतर," ती म्हणाली. "आधी टाक्यावर. पोरं वाट बघतायत."

तो मागून चालू लागला.

तात्पर्य: एकाच बाजूने पाहिलेली वाट आपल्याला कळली असं म्हणू नये. आणि चुकीच्या वळणावर कितीही ओरडलं, तरी गाव जवळ येत नाही.