मऊ वाळूची भिंत

दगडाची वाळू कशी करावी, हे माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. मान डोलावू नका, थांबा. मी जन्मात एकदाच दगड फोडायला गेलो आणि अंगठा फोडून परत आलो. तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, माझं ज्ञान सगळं ऐकीव आहे. ऐकीव म्हणूनच सांगतो.

नद्यांना अजून नावं पडायची होती, त्या काळात एक राज्य होतं. तिथल्या लोकांनी नदीतली वाळू उपसून घरं बांधली, देवळं बांधली, गोठेसुद्धा बांधले. शेवटी पात्रात नुसता खडक उरला. काठच्या विहिरी आटल्या. तेव्हा कुठे राजाला जाग आली. राजांना जाग अशीच येते, सगळं उपसून झाल्यावर. त्याने दवंडी पिटवली, नदीतल्या वाळूच्या कणालाही हात लावायचा नाही.

पण डोंगरावर तलावाची भिंत अर्धी बांधून पडली होती. चुना होता, दगड होते, गवंडी होते. वाळू नव्हती.

मग ओढ्यावर एक यंत्र उभं राहिलं. पाण्याच्या चाकावर चालणारे दोन लोखंडी जबडे. वरून दगड टाकायचा, जबड्यांनी तो चावायचा, खालून वाळू पडायची. माणसाच्या हातात तीनच गोष्टी होत्या. पाचर ठोकून जबड्यांतली फट लहानमोठी करायची, फळी सरकवून चाकाचा वेग ठरवायचा, आणि तोंडात दगड किती टाकायचे ते बघायचं. तीनच. पण तीन गोष्टींत माणूस किती चुकू शकतो, ते तुमच्या घरी विचारा.

यंत्रावर राजाने एका म्हाताऱ्या पाथरवटिणीला बसवलं. तिचं सगळं आयुष्य छिन्नी-हातोड्यात गेलं होतं. तिची एकुलती एक लेक डोंगराच्या पायथ्याशी, पाथरवटांच्या वस्तीत नांदत होती. भिंत वर, वस्ती बरोबर तिच्या खाली.

म्हातारीने फट करंगळीएवढी ठेवली. चाक बेताने फिरवलं. जबड्यांचं तोंड काठोकाठ भरलेलं राहील, असे दगड ओतले. आलेली वाळू वाहत्या पाण्यात धुतली. वाळू दिसायला करडी, खरबरीत, अगदी माझ्या हनुवटीसारखी.

राजाने मूठभर उचलली आणि तोंड वाकडं केलं.

राजाच्या मागे जात्यांचा मुकादम उभा होता. चाळीस वर्षं राजवाड्याचं दळण त्याच्या हाताखालून गेलेलं. माणूस सरळ होता, हे आधीच सांगतो. लबाड असता तर गोष्ट सोपी झाली असती. त्याने वाळू तळव्यावर चोळली आणि म्हणाला, "महाराज, हे भरड आहे. असं पीठ मी दिलं असतं, तर राजवाड्यात एक पोळी धड लाटली गेली नसती."

"तुझ्याच्याने मऊ होईल?"

"बघा तर खरं!"

यंत्र मुकादमाकडे गेलं. त्याने पाचर ठोकून फट मिटत आणली. फळी पूर्ण उघडली, चाक गरगरू लागलं. आणि जात्याला घालतात तसा तो दगड मूठमूठ घालू लागला. धुणं त्याने बंदच केलं. पीठ कुणी धुतं का?

खाली वाळू पडली ती भस्मासारखी. दरबारी लोक ती बोटांवर घेऊन एकमेकांच्या गालाला लावून बघू लागले. हसू नका, तुम्हीही लावली असती.

पाथरवटीण राजापुढे गेली. तिने अत्तराची रिकामी कुपी मागून घेतली. तीत ती मऊ वाळू घातली, पाणी ओतलं, खळखळून हलवलं आणि कुपी ठेवून दिली. दाणे खाली बसले. मग सावकाश, दाण्यांवर बोटभर जाड चिखलाचा थर बसला.

"महाराज, वरचा थर बघा."

मुकादम वाकून म्हणाला, "साय आली! साय काय वाईट असते, म्हातारे?"

दरबार खदखदून हसला. म्हातारी हसली नाही.

"ही भुकटी आहे. चुन्याला ही दगड धरू देत नाही. पाणी भरमसाट पिते आणि वाळली की आक्रसते. आणि महाराज, मूठमूठ घातलेला दगड नुसता लोखंडावर आपटतो, त्याच्या चपट्या कपच्या निघतात. तोंड भरलेलं असलं म्हणजे दगडाला दगड घासतो, कडा झिजतात, दाणा गोलसर होतो. फट थोडी उघडा, चाक आवरा, पोट भरून खायला घाला त्याला."

राजाने दोन्ही वाळूंवरून हात फिरवला. एकदा करडीवरून, तीनदा मऊवरून.

"हिच्यात खोट असेल, असं हाताला वाटत नाही," तो म्हणाला.

भिंत मऊ वाळूने उभी राहिली. गवंड्यांना गिलाव्यात दुप्पट पाणी घालावं लागलं, पण थापी कशी सरसर फिरायची! भिंत इतकी तुकतुकीत झाली की लोक तिच्यात बघून फेटा नीट करत.

म्हातारी लेकीकडे गेली. "बयो, चल माझ्याकडे. इथे राहू नकोस."

"आई, तुझं यंत्र गेलं म्हणून तू रागावली आहेस."

"रागावले आहे. तरी चल."

"दोन म्हशी, सासूबाई, हे सगळं कुठे नेऊ? आणि भिंत बघ ना, लोण्यासारखी झालीय."

"तेच बघून आले गं."

लेकीने तिला ताक दिलं. म्हातारीने ते पिऊन घेतलं आणि एकटीच परत गेली.

थंडीत भिंतीवर केसाएवढ्या रेघा उमटल्या. मुकादमाने त्या स्वतः मोजल्या, स्वतः शिडीवर चढला आणि आणखी मऊ वाळूचा गिलावा करून त्या बुजवल्या. भिंत पुन्हा तुकतुकीत. पावसाळ्याच्या अखेरीस तलाव काठोकाठ भरला. राजाने त्याला नारळ वाहिला, खालच्या वस्तीत पेढे वाटले.

चौथ्या दिवशी दुपारी, बाया धुणं वाळत घालत असताना, भिंत मधोमध फुटली.

इथे मला गंमत करता येत नाही. वस्तीत सत्तावीस घरं होती. संध्याकाळी एकाही घराची जागा कुणाला दाखवता येईना. म्हातारीची लेक तिसऱ्या दिवशी सापडली, दोन कोस खाली, बाभळीत अडकलेली. म्हशी वाचल्या होत्या.

राजा अनवाणी आला. त्याने यंत्र पुन्हा पाथरवटिणीच्या हवाली केलं. तिने पाचर ढिली केली, फळी अर्धी ओढली, आणि यंत्राच्या तोंडात दगड ओतत राहिली. करडी, खरबरीत वाळू खाली पडत राहिली. नवी भिंत त्याच वाळूने उभी राहिली आणि अजून उभी आहे म्हणतात. पण तिच्याखाली राहायला कुणी आलं नाही.

बोध आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे मला बोलायला जागा नाही: वस्तूची पारख तिच्या कामावरून करावी, आपल्या हाताच्या सवयीवरून नव्हे.

एक दिवस मुकादम ओढ्यावर आला. तो वाळला होता. वाळूच्या ढिगाजवळ उभा राहून म्हणाला, "बाई, मी एक कणही चोरला नाही. कुणाचं वाईट चिंतलं नाही. राजाच्या ताटासाठी घेतली नसेल एवढी काळजी घेऊन मी ती वाळू दळली. हाताला एक खडा लागू दिला नाही."

म्हातारीने हातातला दगड यंत्रात टाकला.

"मुकादम," ती म्हणाली, "भिंत काय तुम्हाला खायची होती?"