मुकी घंटा

माळावर विजेचे खांब यायच्या आधीची गोष्ट. तिथल्या शेळ्यांच्या कळपाची एक रीत होती. पुढाऱ्याच्या गळ्यात घंटा बांधायची आणि तिच्या आवाजामागे सगळ्यांनी चालायचं.

झिपऱ्या बोकड सगळ्यांचा लाडका. काट्यात आधी स्वतः तोंड घालायचा, पाला बरा निघाला की मगच इतरांना बोलवायचा. म्हणून घंटा त्याला मिळाली. मग मात्र तो बोरीच्या सावलीत लोळू लागला. कूस बदलली की घंटा वाजायची आणि अख्खा कळप धावत यायचा.

"काय कटकट आहे!" म्हणत त्याने घंटा चिखलात दाबली. आत भरलेला चिखल वाळला, घंटा मुकी झाली.

संध्याकाळी जाग आली तर माळ रिकामा. धापा टाकत तो तळ्यावर पोचला. काळुंद्री शेळीने कळपाला तिथे आणलं होतं.

म्हाताऱ्या बांडी आजीने त्याचं तोंड चाटलं. "घंटा ऐकू येईना. आम्हाला वाटलं, लांडग्याने नेलं तुला. रडून झालं रे आमचं, बाळा."

झिपऱ्याने घंटेतला चिखल स्वतः धुतला आणि ती गळ्यातून काढून काळुंद्रीपुढे ठेवली.

"झोपू देत नाही ही," तो म्हणाला. "पण वाजू दे."