चार चमचे चहा

तापीकाठच्या एका व्यापारी गावात त्र्यंबकशेठ नावाचे कापड दुकानदार राहत होते. माणूस शब्दाचा पक्का आणि व्यवहाराला चोख. घरातलं पान त्यांना विचारल्याशिवाय हलत नसे. धाकटा भाऊ मुरलीधर पन्नाशीला आला होता, तरी दादांसमोर खुर्चीत बसताना अजून कचरायचा.

मुरलीधरची मुलगी हेमांगी बारावी चांगल्या गुणांनी पास झाली. तिला नर्स व्हायचं होतं. नर्सिंग कॉलेजच्या यादीत तिचं नावही लागलं. बातमी कानावर येताच शेठजींनी भावाला आणि पुतणीला बोलावून घेतलं. शेठजींचे मेहुणे भास्करराव आधीच येऊन बसले होते.

"परक्या माणसांचं गू-मूत काढायला पाठवतोस पोरीला?" शेठजींनी भावाला विचारलं.

भास्करराव हसले. "डॉक्टर होत असती तर गोष्ट वेगळी होती. नर्स म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालची बाई. उद्या स्थळ कोण आणेल हिला?"

"काका, चार वर्षांचा अभ्यास असतो," हेमांगी म्हणाली. "शरीर, औषधं, सगळं शिकावं लागतं."

"ताप मोजायला चार वर्षं?" शेठजी म्हणाले, आणि विषय संपला. प्रवेश घ्यायचा नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे शेठजींनी ठरवलं. मुरलीधर मान खाली घालून बसला होता. हेमांगी उठून गेली.

त्यानंतर आठवडाही गेला नसेल. शेठजींच्या पत्नी इंदुमतीबाई सकाळी देवपूजा करता करता एका बाजूला कलंडल्या. लकव्याचा झटका होता. उजवं अंग लुळं पडलं आणि जीभ जड झाली. शेठजींनी त्यांना जिल्ह्याच्या गावी मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत. जीव वाचलाय, पण सावरायला वेळ लागेल."

तिथे दिवसपाळीला एक तरुण नर्स होती. ती इंदुमतीबाईंना दर दोन तासांनी कुशीवर वळवायची, तोंड ओल्या कापसाने पुसायची, नाकातल्या नळीतून पातळ अन्न द्यायची. शेठजी तिला "ए बाई" म्हणून हाक मारत. डॉक्टर आले की ते उभे राहत. ती आली की पेपर वाचत.

पहिल्याच दिवशी तिने बजावलं होतं, "बाबा, यांना तोंडाने काहीही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही. झटक्याने घशाची ताकद गेलीय. गिळलेलं पोटात न जाता फुफ्फुसात जाईल."

शेठजींनी मान हलवली, पण मनात म्हणाले, कालची पोर मला शिकवते.

चौथ्या दिवशी दुपारी इंदुमतीबाई थोड्या शुद्धीवर आल्या. ओठ सुकले होते. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि अडखळत एकच शब्द काढला, "च... हा."

चार दिवसांत बायकोच्या तोंडून आलेला तो पहिला शब्द. शेठजींना भरून आलं. त्यांनी नर्सला विचारलं, "दोन घोट दिले तर काय बिघडतं?"

"नाही बाबा. डॉक्टर उद्या गिळणं तपासणार आहेत. तोवर नाही म्हणजे नाहीच."

इतक्यात पलीकडच्या खाटेवरच्या माणसाला उलट्या सुरू झाल्या आणि नर्स तिकडे धावली. शेठजींनी इकडेतिकडे पाहिलं. थर्मासमधून कपात चहा ओतला, फुंकून गार केला, आणि चमच्याने बायकोच्या तोंडात घातला. एक चमचा गेला. दुसरा गेला. काही झालं नाही. बघा, उगाच घाबरवतात, असं म्हणत त्यांनी तिसरा दिला, मग चौथा.

इंदुमतीबाईंचे डोळे एकदम विस्फारले. घशातून घरघर आवाज आला. खोकला यायला हवा होता, तो येईना. छाती वर ओढली गेली आणि तिथेच थांबली. ओठ निळे पडू लागले.

चाळीस वर्षांच्या धंद्यात शेठजींची मती कधी अशी गोठली नव्हती. बायकोला धरावं, उठवावं की पाठ चोळावी, काहीच सुचेना. "डॉक्टर! डॉक्टर!" एवढंच ते ओरडत राहिले. डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर ऑपरेशनमध्ये होते.

आली ती नर्स. तिने एका झटक्यात इंदुमतीबाईंना कुशीवर घेतलं, डोक्याकडची बाजू खाली केली, भिंतीवरच्या यंत्राची नळी घशात सरकवली आणि बटण दाबलं. यंत्र घुर्रर्र करू लागलं. नळीतून तपकिरी पाणी वर चढलं. तिने क्षणभर त्या पाण्याकडे पाहिलं, मग शेठजींकडे. पुन्हा नळी घातली, पुन्हा ओढलं. नाकातोंडावर ऑक्सिजन धरला. एका हाताने नाडी धरून ती मोठ्याने म्हणत होती, "इंदुमावशी, श्वास घ्या. घ्या श्वास. अजून एक."

कितीतरी वेळाने छाती हलली. मग खोकल्याची मोठी उबळ आली. ओठांवरचा निळेपणा हळूहळू उतरला.

शेठजी स्टुलावर बसले. आणि तेव्हा त्यांचं स्वतःच्या हाताकडे लक्ष गेलं. हातात कप नव्हता. त्या सगळ्या गोंधळात, बायकोचा जीव जात असताना, त्यांनी तो कप थर्मासच्या मागे लपवून ठेवला होता. आपण हे कधी केलं, त्यांना आठवेना. पण तिथे दुसरं कोणी नव्हतं.

डॉक्टर धावत आले. त्यांनी छाती तपासली, नळीतलं पाणी पाहिलं आणि भडकले. "तोंडाने काही द्यायचं नाही असं लिहिलंय ना? कोणी दिलं? सिस्टर, तुमचं लक्ष कुठे होतं?"

"पलीकडच्या खाटेपाशी होते सर," ती म्हणाली. तिचा श्वास अजून फुलला होता.

आरडाओरडा ऐकून बाहेर बसलेले भास्कररावही आत आले होते. ते तावातावाने पुढे झाले. "हीच! हिच्याच हलगर्जीपणानं माझी बहीण मरत होती. डॉक्टर, हिला आत्ताच्या आत्ता काढा. आम्ही लेखी तक्रार देतो. काय हो दाजी?"

सगळे शेठजींकडे बघू लागले. नर्सही बघत होती. तिला माहीत होतं. तिला सगळं माहीत आहे हे शेठजींनाही कळत होतं. नुसती मान हलवली असती तर काम भागलं असतं. शब्दाला पक्का म्हणून ज्याची ख्याती, त्या माणसाला त्या घडीला खरं सांगायला तोंड उघडेना. भास्कररावांनी खिशातून पेन काढलं तरी ते गप्पच होते.

आपण हे करतोय? शेठजींना स्वतःचीच भीती वाटली. ते उठले, थर्मासमागचा कप काढला आणि डॉक्टरांसमोर धरला.

"मी दिला," ते म्हणाले. "हिने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आजही सांगितलं. नर्सचं काय ऐकायचं, असं म्हणून मी दिला. आणि वर कप लपवला."

भास्कररावांचा पेन धरलेला हात तसाच राहिला. डॉक्टरांनी कप घेऊन बाजूला ठेवला. मग म्हणाले, "शेठजी, मला इथे यायला आठ मिनिटं लागली. यांच्याकडे चार मिनिटंसुद्धा नव्हती. कुठली गोष्ट आधी करायची हे हिला ठाऊक होतं, म्हणून तुमच्या पत्नी जिवंत आहेत."

शेठजी नर्सकडे वळले. "बाई, तुझं नाव काय?"

"सुवर्णा घोलप."

चार दिवस ती त्यांच्या बायकोचं सगळं करत होती आणि आपण तिचं नावही विचारलं नव्हतं, हे शेठजींना आत्ता कळलं. त्यांनी हात जोडले. ती अवघडली. "बाबा, बाजूला सरा जरा," ती म्हणाली. "मला मावशींची नाडी बघायचीय."

इंदुमतीबाईंच्या छातीत त्या चहाने कफ झाला. ज्वर चढला. दहा दिवस जास्त दवाखान्यात काढावे लागले, पण त्या वाचल्या.

घरी परतल्यावर शेठजींनी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. काय घडलं ते त्यांनी काही न वगळता सांगितलं. मग हेमांगीला म्हणाले, "पोरी, माझं चुकलं. उद्या कॉलेजात जाऊ."

"काका, त्या प्रवेशाची मुदत गेली," हेमांगी म्हणाली. "मग पुढच्या फेरीत नाव घालू," शेठजी म्हणाले.

भास्करराव पुटपुटले, "दाजी, एका प्रसंगावरून पोरीचं आयुष्य कशाला..."

"भास्करराव," शेठजी म्हणाले, "तुमची बहीण त्या दुपारी माझ्या हातून गेली होती. जिने परत आणली, तिला तुम्ही घालवायला निघाला होतात. आणि मी बसून बघत होतो. आता आपण दोघांनी या घरात नर्सच्या कामाबद्दल बोलायचं नाही."

दुसऱ्या फेरीत हेमांगीला जागा मिळाली, पण गावापासून आठ तासांच्या प्रवासावर. शेठजी दुकान बंद ठेवून तिला सोडायला गेले. वाटेत ती अभ्यासक्रमाची माहिती वाचून दाखवत होती. कुठे काही कळलं नाही की शेठजी तिला थांबवून विचारत होते.

तात्पर्य: ज्या कामाला आपण हलकं म्हणतो, ते करणाऱ्याचं सांगणंही आपण हलक्यात घेतो, आणि त्याची शिक्षा आपल्याला नव्हे, आपल्या माणसाला भोगावी लागते.