तळहातावरचा शिक्का

एकदा एक वृद्ध ग्रंथपाल होते. त्यांच्या ग्रंथालयात पुस्तकांप्रमाणे माणसेही वाचायला मिळत. तासभर समोर बसावे, विचारावे, ऐकावे. माणूस वाचायला देण्याआधी त्याच्या तळहातावर 'ग्रंथालयाची ठेव' असा शिक्का उमटवला जाई.

एका दुपारी गावातले कापडवाले शेटजी तणतणत आले. पत्नी वारलेली, एकुलती एक लेक वासंती, आणि तिने लग्न ठरवले ते बँडमास्तरांच्या मुलाशी. हे बँडमास्तर ग्रंथालयातल्या वाचायच्या माणसांपैकीच एक. होकार की नकार, हे आज संध्याकाळपर्यंत सांगायचे होते.

"द्या तुमचे बँडमास्तर तासभर," शेटजी म्हणाले. "एकदा वाचून तर बघतो."

ग्रंथपालांच्या हाताखाली शिकणारी शिष्या वासंतीची जिवलग मैत्रीण. तिचा जीव टांगणीला लागला. दोघे आतल्या खोलीत बसताच ती दाराला कान लावून बसली आणि थोड्याच वेळात तिने कपाळावर हात मारून घेतला. एकटे शेटजीच बोलत होते! घराणे झाले, दुकान झाले, आजोबांची पगडीसुद्धा झाली. मास्तरांच्या वाट्याला फक्त "हो का?" एवढेच आले.

तास संपला. ग्रंथपालांनी मास्तरांच्या हातावरचा शिक्का ओल्या फडक्याने पुसला आणि शेटजींचा हात धरून त्यावर ठप्पकन उमटवला.

"अहो, हे काय!" शेटजी भडकले.

"जो बोलतो ते पुस्तक आणि जो ऐकतो तो वाचक," ग्रंथपाल शांतपणे म्हणाले. "आज मास्तरांनी तुम्हाला वाचलं. त्यांचं तर तुम्ही पानही उलटलं नाही. नकार द्यायचा तर खुशाल द्या, पण न वाचलेल्या पुस्तकावर मत देऊ नये. काय मास्तर, कसं वाटलं पुस्तक?"

"छान की! पगडीची पानं जरा जास्त झाली," मास्तर हसले. "पण एक ओळ काळजाला लागली. लेक सासरी गेल्यावर संध्याकाळचा चहा कुणाबरोबर प्यायचा, म्हणाले."

शेटजींचा राग तिथेच विरला. आपण ते बोलून गेलो, हे त्यांच्या ध्यानातही नव्हते. त्यांनी स्वतःच फडके घेऊन हात पुसला. "अजून एक तास मिळेल?"

या खेपेला आतून मास्तरांचा आवाज येत होता. "पाठवणीच्या वेळी मी मुलीच्या बापाकडे पाठ करून वाजवतो, शेटजी. त्याचं तोंड दिसलं की फुंक तुटते माझी."

शेटजींचा हुंदका शिष्येला बाहेर ऐकू आला, आणि काही वेळाने दोघांचे हसणेही.

दार उघडले. "मास्तरांना घरी नेतो. चहाची वेळ झाली," शेटजी म्हणाले.

"परत कधी आणाल?" ग्रंथपालांनी तारखेचा शिक्का उचलला.

"ठेवा तो खाली. सोयरे परत करायची रीत नाही आमच्यात!"

शिष्या चपला घालायचे विसरून वासंतीच्या घराकडे धावत सुटली.