ठकाईचं घोंगडं

फार वर्षांमागं धोंडाळ्याच्या माळावर गवत कमरेएवढं वाढायचं. मेंढरू आत शिरलं की त्याचे कानच तेवढे दिसायचे, असं म्हणतात.

त्या माळावर ठकाई धनगरीण मेंढरं राखायची. तिच्या पायाला भिंगरी होती. कळप बसला तरी ही बसायची नाही. कमरेला लोकरीचा दोरा असायचा. बी धरलेलं गवत दिसलं की एक गाठ, तणमोराचं घरटं दिसलं की एक गाठ. माणसं हसायची. ठकाई मात्र गेल्या वर्षीचा दोरा शेजारी धरून बघायची.

एका वर्षी पाऊस कमी झाला. पवन्या गवत फुलोऱ्यात गोड लागतं, म्हणून ठकाईनंच मेंढरं आत घातली. बी धरायच्या आधीच गवत संपलं. पुढच्या वर्षी तिथं नुसते धोंडे, तणमोरही फिरकला नाही. दोऱ्याला गाठी पडल्या चारच. आपल्याच हातानं माळ उजाडला, हे तिला सोसेना.

आता पवन्या उरला होता टेकाडामागच्या एका तुकड्यात. तिचा थोरला भाऊ धुळा भुकेला कळप घेऊन तिथं आला.

"ठके, बाजूला हो. मेंढरं मेल्यावर गवत कुरवाळत बसतीस व्हय?"

"आठ दिस दम धर, दादा. बी पडू दे. मग तुझीबी सोड, माझीबी."

धुळा चडफडला, पण कळप वळवून बाभळीच्या शेंगा झोडायला गेला. ठकाई त्या तुकड्याभोवती फिरू लागली. सहाव्या दिवशी तिची लाडकी मेंढी चंदी तिच्या पायाशीच भुकेनं मेली. ठकाई ढसाढसा रडली, पण थांबली नाही. पाऊल पडेल तिथं ठिणगी उडायची, असं म्हणतात.

नवव्या दिवशी वारा सुटला, बी उधळलं. "दादा, सोड मेंढरं!" अशी हाळी आली. धुळा पोचला तेव्हा तिथं नुसती गोल वाट होती. बी उडालं तिकडं ठकाई चालत गेली, ती आजही चालतेच आहे, असं म्हणतात. पुढच्या पावसाळ्यात अख्खा माळ हिरवा झाला आणि गवतातून तणमोर उड्या मारू लागला.

अजूनही धनगर त्या माळावर आले की तळावरची थोरली बाई आधी दोरा घेऊन फिरते. गाठी कमी भरल्या तर मेंढरं न चरताच पुढं जातात. भरल्या तर त्या गोल वाटेवर घोंगडं अंथरून ती म्हणते, "ठकाई, बी पडलं. बस आता."

ठकाईला घोंगड्यावर बसलेलं कुणी पाहिलेलं नाही. उचलताना मात्र त्याला दरवेळी पवन्याचं बी चिकटलेलं असतं, असं म्हणतात.