घटाची माती

फार जुन्या काळी एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात रातकिडे ओरडत नसत.

नव्या नवरीला हे पहिल्याच दिवशी दिवेलागणीला कळायचं. घरात माणसं बोलत असायची, भांडी वाजत असायची. पण सगळे क्षणभर गप्प झाले की बाहेरच्या रानातून काहीच ऐकू यायचं नाही. बेडूक नाही, पाखरू नाही, किडा नाही. कुणीतरी मागून येऊन आपले कान झाकले आहेत, असं वाटायचं.

डोंगरात शिशाची खाण होती. कुण्या राजाने ती खणली, उपसली आणि सोडून दिली. खाणीतून मोरपिशी रंगाचं पाणी वाहून खालच्या रानात पसरायचं. पुढे गावकऱ्यांनी बांध घालून ते दरीकडे वळवलं. पाणी गेलं, पण त्याने आणलेलं विष मातीत राहिलं. त्या रानातलं खाऊन माणसं खंगली, तेव्हा रान पडीक टाकून लोक वरच्या खडकाळ माळावर नाचणी पिकवू लागले. तरी उन्हाळ्यात रानाची धूळ उडायची, दुधावर बसायची, पिठात मिसळायची. लोकांच्या हिरड्यांवर निळी रेघ असायची. बाळं पोटातच जायची. म्हणून सासरी गेलेल्या लेकीला कुणी बाळंतपणाला आणत नसे. त्या गावाला लेकी होत्या, पण माहेरवाशिणी नव्हत्या.

आणखी एक गोष्ट होती, ती कुणी बोलून दाखवत नसे. नवरात्रात घटाला माती लागते ती आपल्या रानातली. पण या गावच्या मातीत पेरलेलं धान पाचव्या माळेला पांढरं पडून आडवं व्हायचं. म्हणून प्रत्येक घर शेजारच्या गावाच्या शिवेवरून टोपलीभर माती आणायचं. दसऱ्याला ते उसनं हिरवं धान पागोट्यात खोचून सगळे एकमेकांना हसून भेटायचे.

या गावात एक बाई सून म्हणून आली होती. शांत, पण ध्यानात ठेवणारी. तिची लेक तिच्या माहेरी जन्मली म्हणून जगली. लेक पाच वर्षांची झाली तेव्हा बाईच्या मनात आलं, ही मोठी होईल, लग्न होऊन जाईल, आणि मग आपल्या दारात बाळंतपणाला कधीच येणार नाही.

त्या वर्षी ती खाणीवर गेली. तिथे एक म्हातारा एकटाच राहायचा. खाणीत राबलेल्यांपैकी तो शेवटचा. त्याचे हात सारखे थरथरत आणि हसला की निळ्या हिरड्या दिसत.

"बाबा, ही माती कधी बरी होईल?" तिने विचारलं.

म्हाताऱ्याने तिला झोपडीमागे नेलं. तिथे माणूस झोपू शकेल एवढाच एक लांबट तुकडा होता. त्यावर मुंग्यांची रांग चालली होती. बाई बघतच राहिली. या गावात तिने मुंगी पाहिली नव्हती.

"माझी जागा आहे ती," म्हातारा म्हणाला. "मेल्यावर तरी बऱ्या मातीत झोपावं. बारा वर्षं मोहरी पेरली. मोहरी शिसं ओढून घेते. दाणा भरायच्या आत मुळासकट उपटायची आणि खाणीच्या वरच्या कोरड्या विवरात टाकायची. पान पडू द्यायचं नाही, जाळायचं नाही, कुणाच्या तोंडी लागू द्यायचं नाही."

"एवढंच?"

"एवढंच. पण एवढंच कुणाला जमत नाही, पोरी."

त्याने तिला पुरचुंडीभर मोहरी दिली.

बाईने दाराजवळचं रान पेरलं. मोहरी वीतभर वाढली, पिवळी फुलली. पण फुलांवर एकही माशी आली नाही. तिने ती उपटली, गाठोडी बांधून डोक्यावरून विवराकडे नेली आणि आत टाकली. पडल्याचा आवाज आला नाही. बराच वेळ गेल्यावर आतून गार वाऱ्याचा झोत आला. त्याला मोहरीचा वास होता, जणू खाली कुणीतरी घास चावत होतं.

नवरात्रात तिने आपल्याच रानातली माती घटाला घातली. धान पाचव्या माळेला आडवं झालं. सासू दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. पुढल्या वर्षी सहाव्या माळेला झालं. तिसऱ्या वर्षी सातव्या. बाई दरवर्षी बोटांनी उंची मोजायची आणि भिंतीवर कोळशाने रेघ ओढायची.

पाणवठ्यावर बाया हसायच्या. "काय गं, खाणीतल्या भुताला भाजी पोचवून आलीस का?"

"आले ना," ती म्हणायची. "मीठ कमी पडलं म्हणत होता. तुमच्याकडचं मागितलंय."

चौथ्या वर्षी पाऊस उणा पडला. माळावरचं गवत वाळून गेलं, गुरांच्या फासळ्या दिसू लागल्या. आणि त्याच वर्षी बाईची मोहरी कमरेपर्यंत आली. गर्द, रसरशीत. वारा नसला तरी पानं हलत. येणाजाणाऱ्याला वाटायचं, हे रान आपल्याला बोलावतंय.

सासू म्हणाली, "सूनबाई, पहिली पेंढी गाईची असते. तीन वर्षं तू ती रीत मोडलीस, मी गप्प बसले. आता गाय उपाशी हंबरते आणि तू हिरवा चारा खड्ड्यात टाकतेस?"

"आत्याबाई, बाबांनी सांगितलंय..."

"त्या खाणीतल्या म्हाताऱ्याचं ऐकतेस, मुक्या जनावराचं ऐकू येत नाही? एक पेंढी. माती आता सुधारलीये, तूच रेघा ओढतेस ना?"

बाईने दावणीकडे पाहिलं. गाय तिच्याकडेच बघत होती. बाई जात्यापाशी जाऊन बसली. सासूने पेंढी टाकली. दुसऱ्या दिवशीही टाकली, तिसऱ्याही. बाई पाठ फिरवून दळत बसायची आणि जात्याच्या घरघरीतही तिला चावण्याचा आवाज ऐकू यायचा. विवरातून यायचा तसाच.

दहाव्या दिवशी भर दुपारी सासूने हाक मारली. बाई अंगणात आली. दावं तोडलेली गाय खुंट्याभोवती फिरत होती. मान एकीकडे वाकलेली, पाय सावकाश, एकाच वर्तुळात. सासूने पुढे जाऊन तिच्या डोळ्यांसमोर हात धरला. गाय थांबली नाही. तिला दिसतच नव्हतं. संध्याकाळपर्यंत अंगणात गोल वाट पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील आठ-दहा माणसं आणि विळे घेऊन दारात उभा राहिला.

"वहिनी, गुरं मरायला टेकलीत. तुमचं रान कापून नेतो. तुम्ही टाकणारच ना? मग गावाला द्या. गोरगरिबाच्या तोंडचा घास विवरात टाकू नका."

बाईने वाद घातला नाही. ती म्हणाली, "पाटील, आधी आत या."

पाटील अंगणात आला. गाय फिरत होती. रात्रभर फिरून वाट टाचेएवढी खोल झाली होती. पाटील वाटेत उभा राहिला. गाय आली, त्याच्या छातीला धडकली, जरा बाजूला सरकली आणि पुन्हा आपल्या वर्तुळाला लागली.

"काय खाल्लं हिने?" पाटलाचा आवाज उतरला होता.

"माझी मोहरी. मला ठाऊक होतं. रीतीचं नाव आलं, उपाशी जनावराचं तोंड समोर आलं आणि मी दळत बसले. हिला मी मारलं, पाटील. तुमची गुरं मला मारायची नाहीत."

पाटलाने विळा कमरेला खोचला.

"विवर कुठल्या बाजूला आहे?"

त्या दिवशी सगळ्या गावाने बाईची मोहरी विवराकडे वाहून नेली. गुरं दूरच्या गावी पाहुण्यांकडे धाडली. गाय तिसऱ्या दिवशी मेली. तिचं कातडंही कुणी काढलं नाही, तिला तशीच विवरात सोडली. अंगणातली गोल वाट बाईने बुजवली नाही. सासू मात्र तेव्हापासून सर्वांत आधी गाठोडं डोक्यावर घ्यायची आणि घरात शिरण्याआधी पदर झटकायची.

पुढच्या पावसाळ्यापासून घरोघर मोहरी पेरली गेली. घराघरात घटाला आपली माती आली आणि भिंतींवर रेघा चढू लागल्या. मधे खाणीवरचा म्हातारा गेला. त्याला त्याच्या जागेत ठेवलं, तेव्हा मुंग्या होत्याच.

पहिल्या मोहरीपासून चौदाव्या वर्षी बाईच्या सासरी गेलेल्या लेकीला सातवा महिना लागला. त्या नवरात्रात धान नऊही माळा ताठ उभं राहिलं.

"आता बोलाव पोरीला," सासू म्हणाली.

"अजून नाही, आत्याबाई. एकदा मला हवं ते खरं मानलं आणि गाय गेली."

दसऱ्याच्या दिवशी दिवेलागणीला पाटील धापा टाकत आला. त्याच्या हातात काठी होती आणि मागे दहा-बारा माणसं कंदील घेऊन उभी होती.

"वहिनी, तुमच्या रानात काहीतरी आहे! किरकिर आवाज येतोय. जवळ गेलं की थांबतो, मागं सरलं की पुन्हा सुरू. आपल्या रानातून असा आवाज कधी आलाय का? कसली बाधा म्हणायची ही?"

बाई बांधापर्यंत गेली. मागे गाव एकमेकांना धरून उभं होतं. अंधारात रान निश्चल होतं. मग अगदी तिच्या पायाशी आवाज सुरू झाला. बारीक, न थांबणारा. हा आवाज तिने माहेरी सोडला, त्याला वीस वर्षं झाली होती.

ती खाली बसली. रडत होती की हसत होती, ते कंदिलाच्या उजेडात कुणाला नीट कळलं नाही.

"रातकिडा आहे, पाटील," ती म्हणाली. "काठी ठेवा आणि गाडी जुंपा. उद्या माझ्या लेकीला आणायचंय."

या गोष्टीचं तात्पर्य म्हणून सांगायचं ते इतकंच: विष बाहेर काढणं हे निम्मं काम, रीतीच्या किंवा दयेच्या हातूनही ते परत आत येऊ न देणं, हे उरलेलं निम्मं.